शिरगणती

एक ओळ टाइप करते, एंटर दाबते,
आणि दूर कुठल्याशा थंड खोलीतल्या सर्व्हरवरून
आमचं गाव घरंगळत खाली येतं,
एका ओळीत एक माणूस:
नाव, क्रमांक, अधिकार, शेवटचं लॉगिन.
दोनशे बारा.
गावात कामाला जाणारी माणसं एकशे चाळीस असतील,
तीही सगळ्या बोटी परतल्या तर.

जानेवारी. सकाळचे दहा, फ्योर्डवर अजून मिट्ट काळोख.
हाल्डोरने मासळी सोसायटीचं बिल पुढ्यात टाकलंय.
खात्यामागे सहाशे क्रोना, दरमहा.
'खोगीरभरती काढून टाक,' म्हणाला,
आणि कॉफी आणायला गेला तो गेलाच.

माझे वडील सप्टेंबरात
डोंगरावरून उतरलेल्या मेंढ्यांचे कान चाचपायचे.
कानातली खाच बोटाला लागली की
न बघता सांगायचे:
आपली. पलीकडच्यांची. ही आपली, पण आजारी.
माझ्या या साधनाला बोटं नाहीत.
थोर्गुन्नुर हे नावसुद्धा त्याला धड लिहिता येत नाही;
पहिलं अक्षर त्याच्या बाराखडीत नाही, म्हणून
? गुन्नुर.
सहा वर्षं मी स्वतःच्या यादीत
प्रश्नचिन्हापासून सुरू होते.

तर, काढून टाकायचं कोणाला?
गुद्ब्रांदुर: आत्ता, समुद्रावरून.
गुद्ब्रांदुर: आत्ताच, स्वयंपाकघरातून.
(तीन मुलगे, एक पासवर्ड, तेही कुत्र्याचं नाव.)
तराजू-२: चार मिनिटांपूर्वी.
त्याच्याइतकं वक्तशीर गावात कुणी नाही.
चाचणी. चाचणी-खरी. चाचणी-शेवटची.
चाचणी-शेवटची-२.
ही मीच घातलेली, कबूल.

आणि ह्योर्दिस.
ह्योर्दिस नऊ वर्षांपूर्वी ओर्हूसला गेली,
तिथे दाताच्या दवाखान्यात आहे,
नाताळात कार्ड पाठवते.
ह्योर्दिस: आज, पहाटे पाच अठ्ठावन्न.
काल, पाच अठ्ठावन्न.
परवा, पाच सत्तावन्न.

बूट चढवले, बर्फातून खाली गेले शेडमध्ये.
कॉड कापायच्या टेबलाशी, वजनकाट्याजवळ,
कानाला निळे बोळे लावलेली बोझेना
हातमोज्याच्या टोकाने पडदा दाबत होती.
'हे नाव कोणाचं?' मी ओरडून विचारलं.
तिने बोळा काढला. 'कुठलं नाव?'
'ह्योर्दिस.'
'ते नाव आहे?'

पहिल्या दिवशी कुणीतरी चिठ्ठी दिली होती तिला:
वर एक शब्द, खाली पासवर्ड.
तिला वाटलं, यंत्राला चालू करायचा शब्द असेल,
किंवा तुमच्या भाषेत 'वजन कर' असं काही.
पलीकडून दानुता म्हणाली, आम्ही सगळ्या तसंच म्हणतो,
पेटी भरली की: ह्योर्दिस झालं का?
झालं. उद्याचं ह्योर्दिस कोण करणार?
बोझेनाने मुलीला घरीसुद्धा शिकवलंय,
पीठ काट्यावर ठेवून.

मी हसले. मग हसू आवरलं,
कारण नऊ वर्षं, रोज पाच अठ्ठावन्न,
आणि दोनशे बारामध्ये ही बाई
कुठेच नव्हती.

वर आले. खातं उघडलं, नवं, तिच्या नावाचं.
खाली जाऊन चिठ्ठी दिली, स्वच्छ अक्षरांत.
तिने ती वाचली, घडी घातली,
ॲप्रनच्या आतल्या खिशात ठेवली,
जिथे पगाराचा कागद ठेवतात.

हाल्डोरला चाचण्या दिल्या, चारही.
चोवीसशे क्रोना वाचले. तो खूश.

आज मंगळवार. एक ओळ, एंटर.
त्याच्या बाराखडीत तिचंही एक अक्षर नाही:

बो ? ना: कधीच नाही.
ह्योर्दिस: आज, पहाटे पाच अठ्ठावन्न.